बिनगियरची गाडी आणि दोन सळया

"पुन्यांदा कोरडी!" ज्योतिबानं तेल बघायची सळई उन्हाकडं धरली, एक डोळा मिटून पाहिली आणि खाकी चड्डीला पुसली.

"कालच डबा वतलासा की," बनुबाई चहाचा पेला घेऊन उभी होती.

"वतला. प्याली. आज पुन्यांदा कोरडी."

"मंग तेल जातंय कुठं?"

"त्येच शोधतोय न्हवं का! च्या ठेव हितं आन् तू जा."

बनुबाईनं पेला मडगार्डवर ठेवला, पण ती गेली नाही. नवरा गाडीच्या पोटात वाकला की तिथून हलायचं नाही, हे तिनं लग्नानंतर नव्हे, गाडी आल्यानंतर ठरवलं होतं. ज्योतिबानं डब्याचं झाकण काढलं आणि लाल तेल नळीत ओतायला सुरुवात केली. गेले बारा दिवस हा कार्यक्रम रोज सकाळी चालला होता.

आता ही गाडी काय चीज होती ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला थापा वाटेल.

ज्योतिबा सैन्यातून हवालदार होऊन पेन्शनवर आला आणि पलूसजवळच्या आपल्या वाडीत राहू लागला. अठरा वर्षं त्यानं मिलिटरीच्या गाड्या हाणल्या होत्या. एकाहत्तर साली एका धरणाच्या कामावरचा जुना माल लिलावात निघाला, त्यात त्याला ही अमेरिकन पिकअप मिळाली आणि वर लाल तेलाचं एक पिंप मिळालं. गाडीला क्लच नव्हता. गियर हातानं टाकायचा नव्हता. स्टेअरिंगजवळची दांडी 'पुढं'वर ओढायची आणि पाय दाबायचा, बाकी गाडी आपलं आपण बघायची. वाडीनं तिचं नावच 'बिनगियरची' ठेवलं.

दुसरी गंमत अशी, की स्टेअरिंग डाव्या बाजूला होतं. म्हणजे बाकीच्या गाड्यांत उजवीकडं जिथं ड्रायव्हर बसतो, तिथं बनुबाई बसायची. पलूसच्या बाजारातून गाडी निघाली की लोक पाट्या खाली ठेवून बघत. बाई गाडी चालवतेय आणि दोन्ही हात मांडीवर! एका म्हाताऱ्यानं तर रस्त्याच्या कडेला होऊन तिला हात जोडले होते.

तीन वर्षं गाडीनं तक्रार केली नाही. कारण ज्योतिबाची शिस्त. सैन्यात रोज सकाळी गाडी तपासतात त्याला फर्स्ट परेड म्हणतात. ज्योतिबानं पेन्शन घेतली, पण फर्स्ट परेड सोडली नाही. पाणी बघायचं, हवा बघायची, इंजिनाचं काळं तेल एका सळईवर, गियरपेटीचं लाल तेल दुसऱ्या सळईवर. रोज. चुकणार नाही. आणि या शिस्तीनंच घोटाळा केला.

खंडेनवमीला ज्योतिबानं हत्यारं पूजेला मांडली. कोयता, विळा, खुरपं, सगळे पाने, जॅक, आणि या दोन सळयासुद्धा. "डायवरचं खरं हत्यार हेच!" बनुबाईनं फक्त कुंकू वाहायचं, हात लावायचा नाही, असा हुकूम होता. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, म्हणून गाडीही जागेवर उभी. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटायला निम्मी वाडी गाडीत चढून बसली. "हवालदार, चला की, दिवस बुडाला," असा सगळा कल्ला. ज्योतिबानं घाईघाईनं पाने पेटीत टाकले, सळया नळ्यांत खुपसल्या आणि गाडी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फर्स्ट परेडला गियरपेटीची सळई कोरडी निघाली. ज्योतिबानं डबाभर तेल ओतलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा कोरडी. पुन्हा ओतलं. आणि चौथ्या दिवशी बनुबाईचा थोरला भाऊ आला.

लालासाहेब कोरेगावाकडचा मोठा बागाईतदार. नवा कोरा ट्रॅक्टर घेऊन बहिणीला भेटायला आला होता. एवढ्या लांबून ट्रॅक्टरनं कोणी येतं का? पण नवा होता, दाखवायचा होता. ज्योतिबाही कमी नव्हता. "चला, जरा फिरवून आणतो," म्हणून त्यानं मेव्हण्याला पिकअपमध्ये बसवलं. दोन कोस गाडी झकास गेली. परतताना कॅनॉलच्या चढावर इंजिन जोरात ओरडायला लागलं आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. ज्योतिबानं पाय आणखी दाबला. इंजिन आणखी ओरडलं. गाडी हळूहळू मागं निघाली.

शेवटी वाडीतल्या धुळानं आपली बैलं लावून गाडी घरी आणली. अख्खी वाडी जमली होती. लालासाहेब ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून पोट धरून हसत होता.

"दाजी, बैलाला निदान बोललेलं तरी कळतंय!"

"एक डाव अडली म्हणून काय झालं?" ज्योतिबा फणकारला. "ही गाडी तुमच्या दारात आणून दावीन!"

"कवा?"

"भाऊबीजेला! बनीला घिऊन येतो त्याच गाडीतनं!"

लालासाहेब खाली उतरला. "मंग चार लोकांत बोलतो, ऐका. भाऊबीजेला हे धूड बैल न लावता माझ्या दारात आलं, तर मी लालासाहेब हातात ताट घिऊन चालवणाऱ्याला सोता ओवाळीन. आन् न्हाई आलं, तर ह्ये भंगारात घालायचं आन् दाजी, तुमी माझ्या ट्रॅक्टरवर डायवर म्हणून बसायचं. कबूल?"

अठरा वर्षं ज्योतिबानं दुसऱ्याच्या गाड्या दुसऱ्याच्या हुकमानं चालवल्या होत्या. पेन्शन घेतली त्या दिवशी त्यानं ठरवलं होतं, की आता मरेपर्यंत कुणाला 'जी सर' म्हणायचं नाही. आणि आता मेव्हण्याला म्हणायचं?

"कबूल!" तो ओरडला.

"आवं, मला इचारलं तरी का?" बनुबाई म्हणाली. पण तोवर टाळ्या पडल्या होत्या.

त्या दिवसापासून ज्योतिबानं आजार शोधायचा चंगच बांधला. लक्षणं मोठी चमत्कारिक होती. सकाळी गार असताना गाडी चांगली चालायची, तापली की नुसती ओरडायची. गियरपेटीची सळई रोज कोरडी. गाडीखाली लाल तेलाचे ठिपके. आणि इंजिनाचं काळं तेल? ते मात्र वाढत होतं! त्या सळईवर तेल खुणेच्या वर वीतभर चढलेलं दिसायचं.

"म्हंजे इंजनाला तेल जास्त झालंय," ज्योतिबानं निदान केलं आणि खालचा बोल्ट सैल करून लिटरभर काळं तेल काढलं. ते धुळानं बैलगाडीच्या आसाला नेलं. दोन दिवसांनी पुन्हा काढलं, ते धुळाच्या भावकीनं नेलं. आठवड्याभरात वाडीतली एक बैलगाडी कुरकुरत नव्हती.

"हवालदार," एकदा धुळा बॉनेटमध्ये डोकावून म्हणाला, "ही सळई अशी डोकं वर काढून का बसलीया? पार आत जात न्हाई व्हय?"

"आमेरिकन लोक उंच असत्यात," ज्योतिबा म्हणाला. "वाकायला लागू नये म्हणून कंपनीनं तशीच केलीया."

धुळाला ते पटलं. मलाही पटलं असतं. माणूस खाकी चड्डी घालून एवढ्या खात्रीनं बोलतो तेव्हा कोण काय बोलणार?

दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा ज्योतिबा गाडी सकाळच्या गारव्यात सांगलीला घेऊन गेला. तिथले केरू मिस्त्री म्हणजे नावाजलेला माणूस. मिस्त्री गाडीखाली शिरले आणि आतून त्यांचा आवाज आला, "क्लच कुठाय?"

"न्हाई."

"काढून कुठं ठिवलाय?"

"मुळातच न्हाई."

मिस्त्री बाहेर आले. फडक्याला हात पुसत त्यांनी आधी गाडीकडं आणि मग ज्योतिबाकडं पाहिलं. "हवालदार, पंचवीस वर्सं मी गाड्या खोलतोय. इंजन ओरडतंय आन् गाडी पळत न्हाई, म्हंजे क्लचप्लेट गेली."

"आवं, पण क्लचच न्हाई!"

"तीच गेलीया म्हणून न्हाई!"

मग ज्योतिबानं तेलाची हकिकत सांगितली, लाल कमी होतंय आणि काळं वाढतंय. मिस्त्रींचे डोळे चमकले. "आता कळलं! आतनं भोक पडलंय. पेटीतलं तेल इंजनात चाललंय. सगळी खोलाय पायजे. दोन म्हैनं लागतील."

"दोन म्हैनं? भाऊबीज थांबती व्हय?"

"मंग बैल लावा."

हे शब्द ऐकले मात्र, ज्योतिबा चहा न पिताच निघाला. वाटेत गाडी तीन वेळा अडली. तिन्ही वेळा तो गार होईपर्यंत शेजारी उभा राहिला, पण येणाऱ्या एकाही बैलगाडीकडं त्यानं मान वळवून पाहिलं नाही.

"भोक हाय तर असू दे," घरी येऊन त्यानं बनुबाईला सांगितलं. "तिकडनं जेवढं जाईल तेवढं हिकडनं वतायचं, आन् हिकडं जेवढं वाढंल तेवढं काढायचं. बगू कोण आधी दमतंय, ती का मी!"

बनुबाई पणत्या धूत होती. "मला एक सांगा. लाल तेल काळ्यात जातंय म्हणता, मंग काळं वाईच तरी तांबूस व्हाया नको?"

"काळ्यात काय घातलं तरी काळंच व्हतंय."

"आन् त्यो गाडीतला तांबडा दिवा? इंजनाचा? चार दिस झालं लागतुया."

"बल्ब खराब झालाय," ज्योतिबा म्हणाला, आणि त्यानं बल्ब काढून खिशात ठेवला. दिवा लागायचा बंद झाला.

"बरं," बनुबाई म्हणाली. तिच्या 'बरं'चा अर्थ ज्योतिबाला कधीच कळला नाही.

भाऊबीजेच्या पहाटे दोघं निघाली. बनुबाईनं हिरवं नवं लुगडं नेसलं होतं, मांडीवर फराळाचा डबा होता. मागं लाल तेलाचे दोन डबे, आणि एका डब्यात इंजिनातून काढलेलं काळं तेल. "तुझ्या दादाच्या बैलगाड्यांस्नी वंगान. आपन मोकळ्या हातानं जात न्हाई," ज्योतिबा म्हणाला. त्याचा चेहरा लढाईला निघाल्यासारखा होता. गाडी अडायची, थांबायची, गार व्हायची, पुन्हा निघायची. रहिमतपूर मागं पडेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. आता एक खिंड आणि तिच्यापलीकडं लालासाहेबाचं गाव.

खिंडीच्या पायथ्याशी बाभळीखाली एक बैलजोडी उभी होती. शिंगं रंगवलेली, गोंडे बांधलेले. शेजारी लालासाहेबाचा गडी नानासो तंबाखू मळत बसला होता.

"राम राम, दाजी!" नानासो उठला. "मालकांनी सकाळधरनं बैलं हुबी केल्याती. म्हणलं, हितंच अडंल."

"तुज्या मालकाला सांग, बैलांस्नी घरला घिऊन जा म्हणावं!" ज्योतिबानं पाय दाबला. गाडी चढाला लागली, शंभर पावलं गेली, आणि इंजिन ओरडायला लागलं. मग गाडी थांबली. मग हळूच मागं सरकली. बनुबाई उडी मारून उतरली आणि तिनं चाकामागं दगड लावला.

"लावू का बैलं?" नानासोनं खालून विचारलं.

"न्हाईऽऽ!"

"मंग वाईच पडतो सावलीत. लागली तर हाक मारा."

ज्योतिबानं बॉनेट उघडलं. गियरपेटीच्या नळीतून लाल फेस भसाभस बाहेर येत होता. सळई ओढली, पुसली, घातली, काढली. टोकाला नुसते बुडबुडे, तेलाची खूण कुठंच नाही. "बग! कोरडी!" त्याचा आवाज रडका झाला होता. त्यानं मागून लाल डबा आणला. तेवढ्यात बनुबाईनं त्याचं मनगट धरलं.

"थांबा."

"सोड बने. अर्धा कोस ऱ्हायलाय फकस्त. मी त्या ट्रॅक्टरवर बसणार न्हाई. मी रस्त्यात मरंन, पण 'जी मालक' म्हणणार न्हाई!"

"म्हणू नगा. पण तेल बी वतू नगा. ह्यो फेस कोरड्या भांड्यातनं येतुया व्हय? माजा बा गुळव्या हुता. गुऱ्हाळात काहील काठोकाठ भरली की रस फेसाळून उतू जातुया. तवा कोन वरनं आनी रस वततंय का? काढून घेत्यात. हिच्या पोटात तेल कमी न्हाई, लय झालंय! नुसत्या फेसावर गाडी कशी वडंल?"

"आगं, पण सळई..."

"ती दुसरी सळई काडा बगू."

ज्योतिबानं इंजिनाची सळई काढली. बनुबाईनं दोन्ही सळया मडगार्डवर शेजारी शेजारी ठेवल्या. एक दुसरीपेक्षा दीड वीत लांब भरली.

"ही लांबडी," तिनं बोट ठेवलं. "खंडेनवमीला ही पाटावर मावली न्हाई म्हणून दुसरा पाट कुनी आनून दिला? म्या. सळया पुसल्यालं फडकं कुनी धुतलं? म्या. लांबडीचं फडकं तांबडं हुतं, आखूडचं काळं. म्हंजी लांबडी कुठली?"

"तांबड्या तेलाची," ज्योतिबा हळूच म्हणाला.

"आन् घातलीया कुठं?"

"काळ्या... पण आमेरिकन लोक..."

"आमेरिकन असत्याल उंच. तुमी त्येंची लांब सळई भलत्या नळीत घातलीया. तिचं बूड त्या नळीत पार तेलात, म्हणून तेल जास्त दिसतंय. आन् आखूड सळई हितं तेलापातूर पोचतच न्हाई, म्हणून कोरडी दिसती. ह्येच्यात वतायचं, त्येच्यातनं काढायचं! तीन आठवडं ही परेड चाललीया!"

ज्योतिबा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. हात आपोआप चड्डीच्या शिवणीला चिकटले. अठरा वर्षांत एकदाही गाडी तपासणीत त्याची चूक निघाली नव्हती. आज निघाली होती, आणि काढली कोणी तर जिला त्यानं सळईला हात लावू दिला नव्हता तिनं.

"आता काय करायचं?" त्यानं विचारलं. हुकूम देण्याऐवजी विचारण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

"सळया बदला. हितलं काढा. इंजनातनं काढल्यालं माघारी वता. आन् त्यो बल्ब लावा."

ज्योतिबा गाडीखाली शिरला. घाईत त्यानं बोल्ट जरा जास्तच सैल केला आणि उकळतं लाल तेल धो धो हातावर आलं. त्यानं आईची आठवण काढली, पण खिंडीत ऐकायला फक्त बैलं होती. सात लिटर तेल निघालं, तेव्हा लांब सळईवर ते बरोबर खुणेला आलं. भेट म्हणून नेत असलेलं काळं तेल जिथून काढलं होतं तिथं परत गेलं. मेव्हण्याच्या बैलगाड्या आता कुरकुरल्या तर कुरकुरू देत. फेस बसेपर्यंत दोघांनी रस्त्याकडेला करंज्या खाल्ल्या. मग बल्ब जागेवर लावून इंजिन चालू केलं. इंजिनात तेल कमी पडलं की लागणारा तांबडा दिवा आता लागला नाही.

पण ज्योतिबाचा उजवा हात टरारून फुगला होता. बनुबाईनं त्याचाच रुमाल फाडून पट्टी बांधली. नवं लुगडं फाडायला ती काय खुळी होती? डाव्या हाताची बोटंही भाजलेली. त्यानं स्टेअरिंग धरलं आणि दात ओठ खाऊन सोडलं.

खालून नानासोची हाक आली, "आनू का बैलं?"

बनुबाईनं पदर खोचला. "सरका तिकडं."

"कुठं?"

"माज्या जागंवर."

"बने, खुळी झालीस का काय?"

"क्लच न्हाई, गियर न्हाई, दोनच पायडलं. एक जायाचं, एक थांबायचं. तीन वर्सं शेजारी बसून बगतीया. बैलं लावायची का मी हात लावू, सांगा."

ज्योतिबा सरकला. बनुबाईनं दांडी 'पुढं'वर ओढली आणि पाय दाबला. गाडी पहिल्यांदा धक्का खाऊन निघाली, मग सरळ झाली. "डावीकडं घे! आगं डावीकडं!" ज्योतिबा ओरडत होता. "गप बसा, मला आयकू येत न्हाई," ती म्हणत होती. इंजिन ओरडलं नाही, गाडी मागं सरकली नाही. खिंड कधी संपली ते दोघांना कळलं नाही. मागून नानासो बैलं पळवत येत होता.

लालासाहेबाच्या दारात सगळा गाव गोळा झालेला. रंगवलेल्या शिंगांमागून ओढून आणलेली गाडी बघायची म्हणून पोरं झाडांवर चढली होती. आली ती गाडी एकटीच, धूळ उडवत, आणि बैलं मागं! बनुबाईनं थांबायचं पायडल दाबलं ते दोन्ही पायांनी. गाडी गपकन उभी राहिली.

लालासाहेबाचं तोंड उतरलं. पण माणूस शब्दाचा पक्का. "आना ताट," तो म्हणाला. ताट आलं, निरांजन लागलं. या गाडीचं स्टेअरिंग डावीकडं आहे हे एकदा तिच्यात बसूनही तो गडबडीत विसरला आणि सरळ उजव्या खिडकीशी गेला. ड्रायव्हर तिथंच बसतो हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि तिथं ज्योतिबा बसला होता, ताठ, हाताला पट्टी बांधून.

"मानलं दाजी," लालासाहेब म्हणाला. "हात भाजंस्तोवर चालवली, पण बैल लावलं न्हाई." त्यानं कुंकवाचं बोट पुढं केलं.

गाव टाळ्या वाजवत होता. बनुबाई स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होती. ती काही बोलली असती तर ज्योतिबाला सोपं गेलं असतं. एवढा मान त्याला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. कुंकू कपाळापासून चार बोटांवर आलं होतं, आणि त्यानं मान मागं घेतली.

"थांबा. चालवणाऱ्याला ओवाळायचं ठरलंय न्हवं?"

"व्हय की."

"मंग पलीकडं जावा. चालवणारी तिकडं बसलीया."

लालासाहेबानं वाकून आत पाहिलं. मग तो ताट घेऊन सगळ्या गावासमोर गाडीला वळसा घालून पलीकडं आला. "बने, तू? आगं, भाऊबीजेला भैनीनं भावाला ओवाळायचं असतंय!"

"शबूद तुजा हाय, दादा," बनुबाई पदर डोक्यावर घेत म्हणाली. "मी तर आपली बसलीया."

लालासाहेबानं कुंकू लावलं. त्याला ओवाळायची सवय नव्हती. ताट उलटं फिरलं, निरांजन विझता विझता राहिलं. गर्दीतून एक म्हातारी ओरडली, "सुलटं फिरीव की रं मुडद्या!" त्यानं सुलटं फिरवलं. ज्योतिबा पलीकडून भाजलेल्या हातानं सॅल्यूट ठोकून बसला होता.

बनुबाईनं फराळाच्या डब्यातून एक करंजी काढली आणि ओवाळणी म्हणून भावाच्या ताटात ठेवली.

"घे. आन् नानासोला सांग, बैलं सोडून वैरण टाक म्हणावं. सकाळधरनं उपाशी हुबी हायती बिचारी."